कबुतराची अंडी आणि माझा खोकला

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं की आजीला जरा इन्फेक्शन झालं होतं, आता ती ठणठणीत आहे. शिवाय हेही सांगितलं की आजी हॉस्पिटलात भांडली. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं साफ खोटं. मी भांडले नाही. मी फक्त खोकायला नकार दिला.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकदम विचारायला लागलात, मागे तुमची आई भांडी लावत होती, आणि मला काही धड सांगता येईना. म्हणून क्रमाने लिहून पाठवते आहे. इंग्रजीत लिहिता आलं असतं. कॉन्व्हेंटच्या नन्सनी ती भाषा माझ्याकडून घोटून घेतली आणि पुढे एकतीस वर्षं मी तिच्यावरच नोकरी केली. पण खोकल्याची गोष्ट इंग्रजीत फार सभ्य होते.

आधी त्या नोकरीबद्दल सांगते, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. बडोद्याजवळ गोरव्याच्या एका कारखान्यात मी मॅनेजरची सेक्रेटरी होते. तिथे विजेची पॅनेलं बनत, म्हणजे लोखंडी कपाटंच, आणि त्यांच्यावर रंगाचा फवारा मारायला एक बंद खोली होती. त्या खोलीच्या भिंतीत आतली हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा होता. आमचे सेफ्टी ऑफिसर दर सोमवारी सकाळी तिथे जाऊन एक उदबत्ती पेटवायचे. धूर सरळ पंख्याकडे ओढला गेला तर काम सुरू. धूर रेंगाळला तर काम बंद, मग मॅनेजर कितीही पाय आपटोत. 'पंखा चालू असल्याखेरीज फवारा हातात घेऊ नये' ही नोटीस मी इतक्या वेळा टाइप केली आहे की अजूनही कुठल्याही खोलीत शिरले की माझी नजर आधी पंखा शोधते. तुमचे आजोबा म्हणतात, बायका लोकांच्या घरी पडदे बघतात, ही पंखे बघते.

आता खोकला. उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर पतंगांत घालवल्यावर तो सुरू झाला. मी त्याचं खापर धुळीवर फोडलं, आजोबांनी उंधियूच्या भाजीवर. तीन आठवडे झाले तरी जाईना. कोरडा, टोचणारा खोकला, संध्याकाळी थोडी कणकण. मी वहीत लिहून ठेवत होते: किती वाजता, किती वेळ. आजोबांनी ती वही पाहिली आणि म्हणाले, "एवढी नोंद ठेवतेस, तर निदान डॉक्टरला तरी दाखव. नाहीतर खोकल्याला वाटेल आपला सत्कार चाललाय."

म्हणून आम्ही शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गेलो. छातीचे डॉक्टर तरुण होते, तुमच्या बाबांपेक्षाही लहान. त्यांनी एक्स-रे पाहिला, बोटाने वरच्या बाजूचा एक डाग दाखवला आणि म्हणाले, "टीबी आहे की नाही ते कफ तपासल्याशिवाय कळणार नाही. तुमचा कफ येतच नाही, तर आपण तो आणू. मशीनमधून खाऱ्या पाण्याची वाफ घ्यायची, म्हणजे जोरात खोकला येतो. तळमजल्यावर शेवटची खोली."

शेवटच्या खोलीबाहेर बाकावर दहा-अकरा माणसं बसली होती. आत एक सिस्टर, एक स्टूल, एक टेबल, टेबलावर वाफेचं मशीन. एसी चालू, म्हणून खिडकी घट्ट बंद.

"बा, अहीं बेसो," सिस्टर म्हणाली.

मी स्टूल पुसून बसले आणि सवयीने पुटपुटले, "अगंबाई, केवढं कोंदट."

"तुम्ही मराठी?" तिचा चेहरा एकदम उघडला. चेहरा म्हणजे डोळे, कारण खाली निळा कागदी मास्क होता, तोही नाकाखाली घसरलेला. "मी पण. वडील रेल्वेत होते, करजणला बदली झाली, ते तिथलेच झालो. लग्नही करजणातच. रोज येऊन-जाऊन करते."

"घरी कोण?"

"सासूबाई, हे, आणि मुलगी. दहा महिन्यांची आहे. आता उभी राहते धरून." मग ती कामाच्या आवाजात म्हणाली, "हे तोंडात धरा, आजी. वाफ ओढायची. खोकला आला की दाबायचा नाही, पोटातून खोकायचं आणि या डबीत काढायचं."

मी नळी हातात घेतली आणि पंखा शोधला. होता. खिडकीशेजारी भिंतीत चांगला मोठा, बाहेर हवा फेकणारा. पण बंद. त्याच्या बटणावर चिकटपट्टी, आणि पट्टीखाली गुजरातीत चिठ्ठी: 'पंखो चालू करवो नहीं. ईंडां छे.'

"कोणाची अंडी?" मी विचारलं.

"कबुतराची." ती अशा मायेने म्हणाली की जणू स्टाफपैकीच कोणी बाळंतपणाच्या रजेवर होतं. "पात्यांच्या मागे जाळीत बसलीये बघा. दिसते का? शेपूट दिसेल."

शेपूट दिसलं.

"कधीपासून बंद आहे हा पंखा?"

"गणपतीपासून."

"गणपतीपासून तीच अंडी?"

"नाही हो. ही तिसरी खेप. पिल्लं उडाली की पुढची अंडी. तिला जागा आवडली." ती हसली. "सगळे येऊन बघून जातात. केसपेपरवाल्या बेन ज्वारी टाकतात. शेठ पण आले होते, ज्यांनी हॉस्पिटल बांधलं ते. म्हणाले, पगलां सारां छे, पायगुण चांगला आहे."

आता तुम्ही दोघं तिकडे परदेशात वाढलात, म्हणून सांगते. आमच्या बडोद्यात जीवदया ही चेष्टेची गोष्ट नाही. उत्तरायणात मांजाने कापलेल्या पाखरांसाठी लोक कामधंदा सोडून धावतात. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या आमच्या घरी माझ्या आईने एका चिमणीच्या घरट्यापायी माजघरातला दिवा महिनाभर लावला नव्हता. तेव्हा पंखा लावून कबुतराची पिल्लं चिरडा, असं मी कोणाला सांगणार नव्हते. मला फक्त एवढंच विचारायचं होतं:

"लोक इथे दिवसभर खोकतात. ती हवा जाते कुठे?"

तिने वर बोट दाखवलं. "एसी आहे ना."

"एसी तीच हवा गार करून तुला परत देतो. बाहेर काही टाकत नाही."

"असं?" तिने एसीकडे जरा संशयाने पाहिलं, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल काही कळल्यावर पाहतात.

"आणि हा मास्क? या कामाला जाड लागतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा. एन-९५."

"मिळालाय की. धुऊन वाळत घातलाय. रोज धुते मी, साबणाच्या पावडरीत."

तो मास्क धुतला की त्याचा फक्त कपडा उरतो, हे कोविडच्या दिवसांत तुमच्या आईनेच मला फोनवर तीनदा बजावलं होतं. ही मुलगी माझ्यासारखीच नीटनेटकी होती, आणि तिचा नीटनेटकेपणाच तिला नडणार होता.

"तुझ्याआधी या खोलीत कोण होतं?"

"एक बेन होत्या. त्यांना टीबी झाला. सहा महिन्यांच्या गोळ्या चालू आहेत, आता बऱ्या आहेत. रेकॉर्ड रूममध्ये बसतात."

"त्यांना कुठून झाला?"

"होतो असाच, आजी. नशीब." तिने मशीनचं बटण दाबलं. "चला, ओढा."

वाफ आली. नावाला वाफ, पण खारट आणि गार. दोन घोट ओढले आणि छातीतून खोकला उसळला. एकदा. मग पुन्हा एकदा. डोळे पुसले तेव्हा ती माझ्यासमोर हातभर अंतरावर डबी धरून उभी होती, मास्क नाकाखाली, आणि मागे भिंतीत बंद पंखा. मी तिच्या घरी धरून उभ्या राहणाऱ्या मुलीचा विचार केला. मग मशीन बंद केलं, माझा मास्क पिशवीतून काढून लावला, आणि म्हणाले, "मी खोकणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे या खोलीत नाही."

"आजी, ही खोली खोकायचीच आहे."

"पंखा चालू असल्याखेरीज नाही."

दार अर्धवट उघडं होतं. बाकावरचे एक काका आत डोकावले. गुजरातीत उधरस, म्हणजे खोकला, 'खातात'. ते समजुतीने म्हणाले, "बा, उधरस खाओ ने. अमारे पण खावानी छे."

"आजी, मागे दहा जण आहेत," सिस्टर रडकुंडीला आली. "नाही खोकलात तर मला रजिस्टरमध्ये लिहावं लागेल, पेशंटने सहकार्य केलं नाही."

"लिही. शब्द मी सांगते."

तिने खरंच लिहिलं. मी बघून घेतलं, अक्षर छान होतं.

डॉक्टरांकडे वर गेले तर बातमी माझ्याआधी पोचली होती. "बेन," ते म्हणाले, "माझ्याकडे खोकला थांबत नाही म्हणून लोक येतात. खोकत नाही म्हणून तक्रार आलेल्या तुम्ही पहिल्या."

मी त्यांना उदबत्तीसकट रंगाच्या खोलीची हकीकत सांगितली. त्यांना ती ऐकायची गरज नव्हती. मशीनच्या वाफेने खोकला काढायचा म्हणजे जंतू बारीक थेंबांतून हवेत सोडायचे, आणि बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. "मी दोनदा सांगून पाहिलं," ते पेनाशी खेळत म्हणाले. "पण पंखा लावा म्हटलं की सगळे माझ्याकडे असं बघतात, जसा मी कसाई. खोली बदला म्हटलं, तर शेठना कोण सांगणार?"

"मी सांगते," मी म्हणाले.

घरी येऊन मी पत्र टाइप केलं. उत्तम इंग्रजीत, विषयाच्या ओळीसकट, पाच मुद्दे. खोलीत काम करणाऱ्या सिस्टरला संसर्गाचा धोका, आधीच्या सिस्टरचा आजार, बंद पंखा, चुकीचा मास्क, आणि उपाय. आजोबांनी ते हॉस्पिटलच्या ऑफिसात नेऊन दिलं. तिथल्या बेननी न वाचता "मूकी दो" म्हटलं. त्यांनी ते ठेवलं, आणि येताना कबुतराच्या अंड्यांतून पिल्लं निघाल्याची बातमी आणली. तीन दिवस काही नाही.

त्या तीन दिवसांत मी घरात मास्क लावून वावरले आणि खिडकीपाशी बसून जेवले. आजोबांना मागच्या खोलीत पाठवलं. ते वैतागले.

"दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ या ना. बडोद्यात काय हॉस्पिटलांचा दुष्काळ आहे?"

"गेले तर माझा कफ निघेल, हो. पण त्या पोरीच्या तोंडावर रोज दहा जण खोकतायत, त्याचं काय?"

"अगं, आणि तुझ्या डागाचं काय? तू खोकला असा जपून ठेवलायस, जसा बँकेच्या लॉकरमधला हार."

"शुक्रवारपर्यंत," मी म्हणाले. "शुक्रवारी नाही झालं तर तुम्ही म्हणाल तिथे जाऊन खोकेन."

ते खरं बोलत होते, हे मला कळत होतं. म्हणूनच मी दुसरं पत्र लिहिलं. हे गुजरातीत, हाताने, चार ओळींचं: 'मुरब्बी शेठ, आपल्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरील पंख्यात कबुतराची पिल्लं आहेत. रोज दहा-बारा खोकणाऱ्या रुग्णांची हवा थेट त्यांच्यापर्यंत जाते. कृपया एकदा स्वतः येऊन पाहावे.'

आजोबांनी वाचलं आणि चष्मा काढला. "हे लबाडीचं आहे."

"यातलं एक वाक्य खोटं असेल तर दाखवा."

त्यांनी पुन्हा वाचलं. सापडलं नाही. पत्र पोचवून ते घरी यायच्या आत शेठच्या माणसाचा फोन आला. शेठ उद्या सकाळी अकराला येत आहेत, पत्र लिहिणाऱ्या बेननी कृपया हजर राहावं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मी पर्समध्ये उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी टाकली. शेठ ऐंशीच्या पुढचे असतील. पांढरा सदरा-लेंगा, हातात काठी, फार हळू बोलणारे. आईच्या आठवणीसाठी त्यांनी ते हॉस्पिटल उभं केलं होतं, आणि शिपायापासून सगळ्यांना ते नावाने हाक मारत होते. त्यांना दुष्ट ठरवणं मला सोयीचं झालं असतं, पण ते मुळीच तसे नव्हते. डॉक्टर होते, सिस्टर होती. बाकावरच्या लोकांना बाहेर उन्हात बसवलं होतं. आमचं बोलणं गुजरातीतच झालं, इथे मराठीत देते.

मी उदबत्ती पेटवली. शेठनी लगेच डोळे मिटून हात जोडले.

"शेठ, पूजा नाही. हवा कुठे जाते ते बघायचंय."

"हो का," ते म्हणाले, पण जोडलेले हात लगेच सोडणं बरं दिसेना म्हणून तसेच राहू दिले.

मी उदबत्ती रुग्णाच्या स्टुलापाशी, तोंडाच्या उंचीवर धरली. धूर वर गेला, एसीच्या झोताने खाली ढकलला गेला, आणि टेबलाच्या पलीकडे सिस्टरच्या डोक्याभोवती येऊन थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. ती हाताने बाजूला सारत होती, तो पुन्हा येत होता. मग त्यातली एक बारीक रेघ निघाली आणि बंद पात्यांमधून सावकाश मागे गेली, कबुतराकडे. कबुतराने मान वळवली.

"अरेरे," शेठ म्हणाले. "बिचारे जीव." ते पिल्लांबद्दल बोलत होते. "डॉक्टरसाहेब, पाखरांना टीबी होतो का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उदबत्तीकडे पाहिलं.

"त्यासाठी पाखरांच्या डॉक्टरला विचारावं लागेल, शेठ," ते म्हणाले.

"विचारण्यात वेळ कशाला घालवायचा? आजच्या आज हे खोकण्याचं काम इथून हलवा. लहान पिल्लं आहेत."

झालं. माझं काम झालं होतं. मी मनातल्या मनात खूश होऊन उदबत्ती विझवायला जागा शोधत होते, तेवढ्यात सिस्टर बोलली. आवाज अजिबात चढवला नाही.

"शेठ, कबुतर तर उडून जाईल. मला इथेच बसायचंय. माझ्या घरी पण लहान पिल्लू आहे, दहा महिन्यांचं."

धूर अजून तिच्याच भोवती होता.

मला माझं पत्र आठवलं. पहिल्या पत्रात ती होती, पाचही मुद्द्यांत होती, आणि ते कोणी वाचलं नाही. दुसऱ्या पत्रातून मीच तिला काढून टाकलं होतं, कारण ते वाचलं जावं असं मला वाटत होतं. माझी लबाडी फत्ते झाली होती, आणि ती मुलगी तिथे उभी राहून स्वतःचा नंबर कबुतराच्या मागे लागलेला ऐकत होती. तेव्हा मला कसं वाटलं ते लिहीत नाही. एवढं सांगते की उदबत्तीने माझं बोट भाजलं आणि ते मला नंतर कळलं.

शेठ काठी टेकत टेबलाच्या पलीकडे गेले आणि तिच्या खुर्चीजवळ उभे राहिले. तिथून त्यांनी समोरच्या स्टुलाकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं. "तू कधीपासून बसतेस इथे?"

"दिवाळीनंतर, शेठ. आधीच्या बेन आजारी पडल्या तेव्हापासून."

"ती आजारी पडली ते याच खोलीत?"

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "सिद्ध करता येणार नाही. पण मला तसंच वाटतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"पत्र दिलं होतं, शेठ," मी म्हणाले. "त्यात कबुतर नव्हतं."

मला वाटलं आता शेठ रागावतील. ते म्हणाले, "बेन, मी इथे तीनदा आलो. तीनही वेळा वर बघून गेलो." आणि मग रुग्णाच्या स्टुलावर बसून त्यांनी तिच्या मुलीचं नाव विचारलं.

त्याच दुपारी मशीन दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गेलं. ती दोन बाजूंनी उघडी आहे, तिथे हॉस्पिटलच्या चादरी वाळत असतात. मी आणखी एक उदबत्ती लावून वारा कुठून कुठे जातो ते पाहिलं आणि सिस्टरची खुर्ची वारा येतो त्या बाजूला ठेवली, रुग्णाचं स्टूल तो जातो त्या बाजूला, चादरी तिसऱ्या कोपऱ्यात. डॉक्टरांनी कपाटातून नवे जाड मास्क काढले आणि तिला नाकावरची पट्टी कशी दाबायची, कडेने हवा निसटते का ते कसं बघायचं, हे दाखवलं. "आणि धुवायचा नाही," ते म्हणाले.

"मळला तर?"

"तर दुसरा माग. माझ्याकडे माग."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ठरल्या मुदतीत, मी त्या गॅलरीत वाफ ओढली आणि खोकले. इतकं मनापासून मी आयुष्यात काही केलं नसेल. समोरच्या निंबाच्या झाडावरचे पोपट उडाले. खाली अंगणात बाकावर ते पहिल्या दिवशीचे काका होते, त्यांनी वर बघून "वाह, बा" म्हटलं. सिस्टरने लांबूनच डबी उजेडात धरली. "भरपूर, आजी," ती म्हणाली. जणू मी बक्षीस मिळवलं होतं.

रिपोर्ट आला. टीबी होता. तुमच्या बाबांनी ज्याला इन्फेक्शन म्हटलं ते हे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. गोळ्या असतात, त्या वेळेवर घ्यायच्या असतात, आणि वेळेवर गोष्टी करण्यात तुमच्या आजीचा हात धरणारं कोणी नाही. मी तक्ता करून फ्रीजवर लावला. आजोबांची तपासणी झाली, ते स्वच्छ निघाले, आणि हे उंधियूमुळेच असं दोन दिवस सांगत फिरले.

पण माझ्या डोक्यात ते दोन खोकले होते. पहिल्या दिवशी, त्या खोलीत, तिच्या तोंडासमोर. मी थांबले होते खरी, पण दोन खोकल्यांनंतर. रिपोर्ट हातात आल्यावर मी पहिला फोन तिला केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, दिवाळीपासून माझ्या तोंडावर किती जण खोकलेत. तुमचे दोन कुठे मोजता?"

"मी मोजलेत म्हणून."

"बरं. मी एक्स-रे काढते. तुम्ही गोळी घेतलीत का आजची?"

तिचा एक्स-रे येईपर्यंत मी घरातली सगळी कपाटं आवरली. मसाल्याचे डबे आधी नावाप्रमाणे लावले, मग उंचीप्रमाणे, मग पुन्हा नावाप्रमाणे. आजोबा हळदीसाठी हाका मारत राहिले. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्यावर थांबायचं नाही, काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. पुन्हा पाहिलं. पुन्हा स्वच्छ. दुसऱ्या वेळी तिने मला फोटो पाठवला, एक्स-रेचा नाही, मुलीचा. ती आता काही न धरता उभी होती.

कबुतराचं सांगायचं राहिलं. पिल्लं उडाली त्याच दिवशी शेठ स्वतः जाळी बसवणाऱ्याला घेऊन हजर झाले, चौथी खेप सुरू व्हायच्या आत. गच्चीच्या टोकाला त्यांनी लाकडी खोकं लावून दिलं होतं. कबुतर दोन दिवस नव्या जाळीवर बसून त्यांच्या नावाने घुमलं आणि मग खोक्यात गेलं. पंखा साफ झाला. त्यातून काय काय निघालं ते लिहीत नाही, तुम्ही जेवताना वाचत असाल.

गेल्या आठवड्यात गोळ्या संपल्या. शेवटचा कफ तपासायला गेले तर काम पुन्हा तळमजल्याच्या खोलीत आलं होतं. खिडकी उघडी, पंखा घरघरत होता. सिस्टर जाड मास्क लावून स्टुलापाशी उदबत्ती धरून उभी होती. रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी ती हे करते. धूर सरळ ताणला जाऊन पंख्यात नाहीसा होत होता, माझ्या जुन्या सेफ्टी ऑफिसरांनी मान डोलावली असती असा. बाकावरचे सगळे हात जोडून उभे होते. पंख्याच्या बटणावर कोणीतरी कुंकवाचं बोट लावलं होतं आणि वर एक झेंडू खोचला होता.

"मी सांगून दमले, ही पूजा नाही म्हणून," ती म्हणाली. "काढू का फूल?"

"राहू दे. देव समजून का होईना, बटण कोणी बंद करायचं नाही."

"चला, आजी, बसा. आता खोका."

मी वाफ ओढली. पोटातून जोर लावला. पुन्हा लावला. छातीत काहीच नव्हतं. ती डबी धरून थांबली होती, पंखा चालू होता, हवा बाहेर जात होती, आणि मला खोकला येईना.

तिने रजिस्टर ओढलं. "लिहू का, पेशंटने सहकार्य केलं नाही?"

"लिही," मी म्हणाले.